टेबलाची जादा फळी

बुधवार दुपार. टर्की अजून धोंड्यासारखी.
फ्रीजरमधून काढायला उशीर झाला, दोष माझाच.
तळघरातल्या सिंकमध्ये गार पाण्यात बुडवून ठेवलीय.
दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं,
म्हणजे जिने उतर, जिने चढ,
आणि गुडघे म्हणणार, बाई, अडुसष्ट झाली.

ऑरिन ओट्याशी क्रॅनबेरी निवडतोय.
विस्कॉन्सिनच्या दलदलीत चाळीस शरद ऋतू
कमरेपर्यंत पाण्यात उभं राहून
हीच फळं काढली त्याने, ट्रक भरभरून,
तरी एकेक अशी न्याहाळतो
जणू आत्ताच ओळख झालीय.
मऊ लागली की बाजूला, टणक असली की भांड्यात.
निवडताना तो बोलत नाही.

कालच मी त्याला म्हटलं होतं,
यंदा टेबलाला जादा फळी नको.
आपण दोघं, माझी बहीण लोरेटा,
आणि चर्चमधले ते एकटे मिस्टर टॉलेफसन.
चौघांसाठी कशाला पसारा?
वेंडेल येत नाहीये. डुलुथहून फोन आला,
"आई, यंदा नाही जमत."
मागे कुणीतरी हसलं. टीव्ही असेल.
मी म्हटलं, बरं.
केवढं वजन उचलतो हा एवढासा शब्द.

खिडक्या पुसल्या, व्हिनेगर आणि जुना पेपर.
बाहेर मेपलने सगळं देऊन टाकलंय,
ओक मात्र चिक्कू, तपकिरी पानं धरून बसलाय.
पाहुण्यांच्या खोलीत चादर बदलली.
कुणी राहणार नाही हे ठाऊक असून
उशीला दोन थापा मारल्या.

साडेतीनला पुन्हा फोन.
मारिसोल.
एप्रिलपासून तिचा आवाज ऐकला नव्हता.
मीच केला नव्हता फोन. काय बोलणार?
मुलाने सोडलेल्या बाईशी सासूने काय बोलायचं
हे कुठल्याच पाककृतीच्या मागे लिहिलेलं नसतं.
म्हणाली, "इनेझ विचारतेय,
यंदा भोपळ्याच्या पायवर क्रीम कोण लावणार?
दरवर्षी तीच लावते ना."
मग थांबली.
"तमाले आणीन मी. चालत असेल तर."

वाटलं, आधी वेंडेलला विचारावं.
वाटलं, लोक. वाटलं, लोरेटाची जीभ.
हे सगळं एका श्वासात,
आणि तोंड माझं तोवर बोलून मोकळं:
"लवकर निघा, रस्त्यावर बर्फ धरायच्या आत.
आणि राहायचंय."

ऑरिनने वर पाहिलं नाही.
हात पुसले, कपाटामागे गेला,
फळी ओढून काढली. कोळ्याच्या जाळ्यासकट.
दोघांनी दोन बाजूंनी टेबल ताणलं,
ते कुरकुरलं, आम्हीही.
बसवण्याआधी फळी उलटी धरली, तर खाली
लाल खडूने: वेंडेल.
सहा वर्षांचा असेल तेव्हा. एक अक्षर उलटं.
मी रागावले होते, एवढं आठवतं.
कशासाठी, ते नाही.

फळीचा रंग बाकीच्या टेबलाहून गडद.
ऊन कुठे लागतं तिला? वर्षात एक दिवस.
मेणाचं फडकं कितीदाही फिरवा, पट्टा दिसतोच.
दरवर्षी मी तो टेबलक्लॉथखाली झाकते.
आज टेबलक्लॉथ इस्त्रीखाली करपला.
राहू दे.

उद्या जेवणाआधी प्रत्येकाने सांगायचं,
कशाबद्दल आभार.
ऑरिन दरवर्षी म्हणतो, ग्रेव्हीबद्दल.
टॉलेफसन बायकोचं नाव घेतात आणि पाणी पितात.
मारिसोलची पाळी आली की काय,
याचा विचार मी मटार सोलताना दोनदा केला
आणि दोनदा सोडून दिला.

खुर्च्या पाच. सहावं पियानोचं स्टूल,
गोल फिरणारं. इनेझ त्याच्यावरच हक्क सांगणार.
म्हणून तिची ताटली मधल्या फळीवर मांडली,
खाली जिथे लाल खडू आहे, बरोबर तिथे.
काटा डावीकडे. रुमालाची घडी.

सात वाजले.
पाणी बदलायला हवं.