विभावरीसाठी, सहा आठवड्यांपुरतं

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात,
पण तुझं अंगण खरंच वाकडं आहे, विभावरी,
आणि वर डुलुथचा जानेवारी,
गॅरेजपासून टपालपेटीपर्यंत काचेसारखा पसरलेला.
विजेचं बिल आणायला गेलीस
नि घोटा मोडून आलीस.
आता सहा आठवडे पाय उशीवर.
मोरेश्वर म्हणतो, पुस्तकं वाच.
मी म्हणते, नाच बघ.

पिशवीत पाच डिस्क आहेत.
चार माझ्या, एक ग्रंथालयाची, वीस तारखेला परत द्यायची.
तिच्यावरचा ओरखडा आधीपासूनचा आहे,
कुणी विचारलं तर लक्षात ठेव.

आधी ती काळी-पांढरी लाव.
कुणाची तरी मावशी इस्टेट ठेवून मरते,
कुणी तरी कुणाला तरी भलतंच समजतं,
तिकडे लक्ष देऊ नकोस, वरण ढवळून ये.
नाही, तू उठू नकोस. मोरेश्वरला ढवळू दे.
चाळिसाव्या मिनिटाला जागी असलीस म्हणजे झालं.
वेटर, हातात बश्यांची चळत,
टाचांनी लाकडी फरशीशी भांडण उकरून काढतो
आणि एकही बशी फुटत नाही.
मी दर वेळी फुटायची वाट बघते.
त्या काळी कॅमेरा पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसून राहायचा,
माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसायचा.
हल्ली गुडघा दिसतो, मग डोळा, मग घाम,
मग दुसऱ्याच कुणाचा गुडघा.

दुसरीत बर्फ आहे. माफ कर.
पण फिनलंडचा आहे, आपल्यापेक्षा सभ्य.
शनिवारी रात्री पत्र्याच्या शेडमध्ये
बसड्रायव्हर आणि कारकुनी बायका टँगो नाचतात,
हसत कुणीच नाही,
एकमेकांच्या खांद्यावर हनुवटी टेकवून
पगाराचा हिशेब करत असल्यासारखे.
शेजारच्या मिसेस हॅलवर्सनला बोलाव.
ती म्हणेल, आमच्या घरात कुणी नाचत नसे.
शेवटपर्यंत कोट काढणार नाही
आणि जाताना डिस्क मागून नेईल.

तिसरीवर लेबल नाही.
भावाने साताऱ्याहून पाठवली,
प्रिंट अशी की सगळ्यांच्या तोंडावर रेघोट्या.
फडातला ढोलकीवाला, कान गेलेला.
घुंगरू ऐकू येत नाहीत
म्हणून तिच्या टाचेकडे बघून वाजवतो.
एकदा ती मुद्दाम टाच उचलतच नाही.
हात हवेत तसाच.
तेवढ्यासाठी बघ.
मी तिथे रिमोट खाली ठेवते.

चौथी मोरेश्वरबरोबर बघू नकोस.
किंवा बघ, तुमचं तुम्ही ठरवा.
नवराबायकोने घटस्फोटाच्या कागदांवर सह्या केल्यात,
पण नाचाच्या स्पर्धेची फी आधीच भरलेली,
म्हणून नाचतात.
हरतात. टाळ्या संपतात,
आणि तो तिचा हात सोडायचा विसरतो.
मी ही शिरीषबरोबर पाहिली होती.
तो म्हणाला, फी परत मिळाली असती ना,
विचारायचं होतं त्यांनी.
आम्ही तेव्हा अजून एकाच सोफ्यावर बसत होतो.

पाचवी, ग्रंथालयाची, मी पाहिलेली नाही.
कव्हरवर एक पोरगा हवेत उलटा.
उडी आहे,
उतरणं कुठेच दाखवलेलं नाही.
तू बघून मला सांग.

आणि हो, काल फोनवर तुझ्या मागे
काही तरी ठकठकत होतं.
हीटर आहे म्हणालीस.
हीटर तिहाई घेत नाही, विभावरी.
प्लास्टर आपटू नकोस,
हाड जुळायचंय अजून.
आणि आपटायचंच असेल
तर निदान समेवर आपट.