घाबरू नका, बॉम्ब नाही

थर्मोकोलचा डबा रेमेडियसने आणला,
गोराईच्या बाजारातून, फुकट.
तीनदा धुतला तरी बोंबलांचा वास गेला नाही.
बॅटरीला माझा लोकरी पायमोजा घातला,
झाकणावर मार्करने लिहिलं :
घाबरू नका, बॉम्ब नाही. सापडल्यास फोन करा.

फुगा सुटला तेव्हा दोरी तळहात सोलून गेली.
आम्ही तिघं वाळूत, माना वर,
हात अजून धरल्यासारखेच.

दुपारी फोन. मुरबाडकडून.
"तुमचा डबा आमच्या वालात पडलाय.
माशांचा आहे का?"

अकराशे बारा फोटो, दर दहा सेकंदांनी एक.
सुरुवातीला आमची डोकी,
त्यात रेमेडियसचं टक्कल,
जे त्याने कधी मान्यच केलं नव्हतं.
मग खाड्यांनी कुरतडलेली मुंबई.
शर्मिष्ठा स्क्रीनवर बोट ठेवून भांडुप शोधू लागली,
बोटाखाली भांडुप, मुलुंड, ठाणं,
सगळंच गेलं.
मग अठ्ठावीस किलोमीटर,
सकाळी साडेदहाला काळंकुळकुळीत आकाश,
खाली पृथ्वीची निळी किनार, जराशी वाकलेली.
तिथे हवाच नाही म्हणतात.
मग तो वास कशाला धरून राहिला असेल?
त्यानंतर रबराच्या चिंध्या,
आणि पडण्याचे, हललेले, उलटेसुलटे फोटो,
किती ते मोजले नाहीत.

चौकट करून लावला तो शेवटून चौथा.
डबा आडवा.
वालाचं एक पान, अर्ध्या आकाशाएवढं,
त्यामागून वाकून बघणारी एक बाई,
पदर नाकाला लावलेला.