आईच्या मागचा साप

थोरला पाथरवट रेनसेनेब सांगतो :
थडग्यात जाणारं अक्षर जिवंत असतं,
अंधार झाला की दगडावरून उतरतं.
म्हणून पक्ष्यांना पाय कोरायचे नाहीत
आणि सापाची मान, कोरून झाली की, तोडायची.

चार बरण्या माझ्यापुढे, चुनखडीच्या.
काळीज इम्सेतीकडे, फुफ्फुसं हापीकडे.
हृदय तिच्यापाशीच ठेवलंय,
त्याला पुढे तराजूत बसायचंय.
पोट दुआमुतेफकडे.
आणि कूस?
रेनसेनेब म्हणाला, तिच्यावर देव नेमलेला नाही.

तेतीसेनेब तिचं नाव.
तीस वर्षं पाट्यापुढे गुडघ्यांवर,
परक्यांचं धान्य भरडत.
नदी चढली नाही त्या साली
अख्खी भाकर माझ्या वाडग्यात टाकून म्हणायची,
मी मघाशीच खाल्लंय.
ते पोट आता खारात वाळून
मूठभर उरलंय. फडक्यात मावलं.

दुआमुतेफ लिहायचं ते असं :
एक चांदणी, म्हणजे भजणं.
एक गिधाड, म्हणजे आई.
(हसू नका. उन्हात पिलांवर पंख धरून बसलेलं
गिधाड पाहिलंय कधी?)
मग शिंगांचा साप, दातांतून निसटणारा एक फ्,
म्हणजे आपली.
आपल्या आईला भजणारा.

चांदणी कोरली.
गिधाड कोरलं, बिनपायांचं.
शेवटी तीही अशीच असायची दारात,
गुडघे सरळ व्हायचे नाहीत,
उचलून उन्हातून सावलीत ठेवावं लागायचं.

साप छान उतरला. दोन्ही शिंगं बारीक, नेटकी.
आता मान.
म्हणजे दगडावर आई राहील,
‘आपली’ तेवढी तुटेल.

तांब्याची छिन्नी खाली ठेवली. पाणी प्यालो.
रेनसेनेबनं माझ्याकडे पाहिलं नाही,
उगाच दोरी मोजत बसला.

मग एकच घाव.
चिरेत भुकटी अडकली,
ती फुंकली, रोज फुंकतो तशी :
फ्

ओठ तसेच राहिले थोडा वेळ.

चौथ्या बरणीवर केबेहसेनुएफ,
आपल्या भावांना गार पाणी देणारा.
त्याच्याही शेवटी साप.
मला भाऊ नाही.
तो पटकन झाला.