आठ चाळीसची बोट

सासूबाईंनी दोरुकला माझ्या हातातून घेतलं,
उतू जाणारं दूध गॅसवरून उतरवावं तसं,
चटकन, माझ्याकडे न बघता.
"जा आता. बूट घाल. दार मी लावते."
घरात कोंडून घ्यायचे चाळीस दिवस कधीच सरले होते,
वर आणखी नऊ आठवडे झाले होते,
पण जिन्यात कळलं
की मला रिकाम्या हातांनी पायऱ्या उतरता येत नाहीत.
तीन मजले कठडा धरून उतरले,
म्हातारीसारखी.

कार्शियाकाच्या धक्क्यावर संध्याकाळ
होती तशीच होती.
मला उगाच वाटलं होतं, काहीतरी बदललं असेल.
तीळ लावलेली पावाची कडी विकणारा तोच,
त्याच्या गाडीची काच तशीच तेलकट,
सीगल तसेच हावरट.
इतके दिवस मी नव्हते, हे कुणाच्या लक्षातही नाही.

रांगेत शेजारी एक बाई, हातात शेपूची जुडी.
म्हणाली, "कितवा महिना?"
मी पोटाकडे पाहिलं. सुटलंय अजून, नाही म्हणत नाही.
"पोटाचं नाही गं. डोलतेयस."
खरंच डोलत होते.
डाव्या पायावरून उजव्या, उजव्यावरून डाव्या,
पर्स छातीशी धरून
तिच्या पाठीवर थोपटत.
"माझा धाकटा लष्करातून परत आला,
तरी मी बँकेच्या रांगेत डोलते," ती म्हणाली
आणि बोट आली म्हणून पुढे सरकली.

पलीकडे कोनाकला बिल्गेच्या बढतीचं जेवण.
चार मैत्रिणी, खिडकीजवळ राखलेली माझी खुर्ची.
त्या कुठल्याशा नव्या साहेबावर हसल्या,
मी अर्धा क्षण उशिरा हसले.
"कसं चाललंय?" "मस्त."
वेटरने मागचं टेबल ओढलं,
त्याचा पाय फरशीवर किंचाळला,
आणि दोन्हीकडून पान्हा फुटला.
टेबलासाठी!
सप्टेंबरचा उकाडा, आणि मी स्वेटरची बटणं
गळ्यापर्यंत लावून बसले.
"थंडी वाजतेय?"
"जराशी."

साडेआठला उठले. त्यांनी आग्रह केला, पण फार नाही.

आता हे कुणाला सांगितलेलं नाही.
आठ चाळीसची बोट धक्क्याला लागली होती,
फळी टाकलेली, दिवे लावलेले,
शेवटचा माणूस धावत चढला,
दोरी सोडणाऱ्या खलाशाने माझ्याकडे भुवया उंचावून पाहिलं
आणि मी मान हलवली. नाही.
का, ते मलाही माहीत नाही.
बोट गेली.
पुढची नऊ पाचला.

कोपऱ्यावर शिंपलेवाला उभा होता,
आत मसालेभात भरलेले काळे शिंपले, वर लिंबू.
त्याच्याकडे आधी हिशोब नसतो,
खाऊन झाल्यावर तो टरफलं मोजतो.
मी उभ्याने खाल्ले.
एका हाताने नाही, दोन्ही हातांनी,
गरम नव्हते, पण कुणी गार होऊ दिले म्हणूनही नव्हे.
रस मनगटावरून कोपरापर्यंत गेला.
स्वेटर उघडा होता, ब्लाउजवर दोन ओले डाग,
त्याने पाहिले, आणि आणखी एक लिंबू चिरलं.
"सतरा," तो शेवटी म्हणाला.
मी पंधराही कबूल केले नसते.

काळ्या पाण्यात पलीकडचे दिवे लांबट झाले होते.
त्यातला एक आमच्या स्वयंपाकघराचा असेल
असं मी ठरवलं नाही.
पंचवीस मिनिटं
मी त्या बाजूला पाठ करून उभी होते.

"सगळी बाटली प्यायला. झोपला.
तुझी आठवणसुद्धा काढली नाही."
सासूबाईंनी हे धीर द्यायला सांगितलं,
मी तसंच घ्यायचा प्रयत्न केला.
"बोट चुकली?"
"चुकली."
"हाताला लिंबाचा वास येतोय," एवढंच म्हणाल्या
आणि साबण पुढे सरकवला.

कोपरापर्यंत धुतलं.
मग त्याला झोपेतूनच उचललं, गरज नसताना.
मघापेक्षा जड लागला.
आज डोलायचं नाही, म्हणून पाय रोवून उभी राहिले,
आणि तो नाही, मीच
आधी हलले.