मूस

आमच्या लेंगऱ्यात दिवसाआड पाणी, सव्वादोनला.
भरून झालं की साडेतीनपर्यंत माझी मी.
तेवढ्यात मोबाईल सारवायला घेतला.

ईश्वरीनं शिकवलेलं सुट्टीत:
मोकळ्या जागी बोट दाबून धर,
उचलू नको, धीर धर,
मग तोच विचारेल काय हवंय.
त्यानं विचारलं.
मी म्हटलं, सोनं.

सोनेरी चित्रं फुकट होती,
मधेमधे साबणाची जाहिरात बघायची एवढंच.
फोन सोनेरी झाला, कॅमेरा सोनेरी झाला,
गॅसची टाकी, बचत गटाची वही, शाळेची फी,
हिरवं निळं तांबडं जे जे ओरडत होतं
ते एकेक करून गप्प बसलं.
खालची नावंही काढून टाकली.
विट्याच्या पेठेत काचेमागं मांडतात तशी
काळ्या मखमलीवर चार-चार नगांची ओळ.

पहिले दोन दिवस चुकले.
फोटो काढायला गेले नि हिशेब उघडला,
जाऊबाईंना फोन लावायला गेले नि टॉर्च लागला,
भर दुपारी, त्यांच्याच दारात.
पण बोटांना पाठ होतं हळूहळू,
अंधारात मिठाचा डबा सापडतो तसं.

हे त्रिचूरला. गलाईचं दुकान,
म्हणजे दुकान कसलं, जिन्याखालची भट्टी.
लोकांची मोड आटवायची.
बांगडी असो, बाळाची वाळी असो,
मुशीत गेल्यावर सगळ्याला एकच रंग.
एकोणीस वर्षं.
रात्री भट्टी विझली की फोन येतो,
मागं कुणीतरी मल्याळीत हसत असतं.

मी पडद्याचा फोटो पाठवला.
बराच वेळ दोन निळ्या खुणा, नुसत्या.
मग आवाज आला: "तांबं जास्त आहे ह्यात.
अठरा कॅरेट धर, लई झालं तर."
आणि हसले, खोकले, परत हसले.
तेजाबाचा धूर छातीत राहतोच म्हणतात.
मी विचारत नाही.

एकच चित्र बाकी राहिलेलं.
तिकडचा सोन्याचा भाव सांगणारं,
ह्यांनीच टाकून दिलेलं मागच्या जत्रेला.
सोनेरी चित्रं करणाऱ्याला ते माहीतच नसावं.
एवढ्या ओळीत ते एकटं तांबडं-पिवळं,
मळ्यातून थेट वरातीत आलेल्या माणसासारखं.
मी ते रोज उघडते.
भाव चढला की लोक मोडायला येतात,
लोक आले की ह्यांचं जेवण चारला.
पडला की रात्री फोन लवकर.
बायका कालनिर्णय बघतात, मी हे बघते.

त्याच्यावर आपला फोटो लावता येतो म्हणे.
परसात ह्यांची जुनी मूस होती, कडेला फुटलेली,
कोरफड लावलेली मी तिच्यात.
कोरफड डब्यात हलवली, माती झटकली,
मूस उन्हात धरून वरून फोटो काढला.
गोलात कापला.
काळा तळ, कडेला भाजल्याचे डाग,
आणि अगदी आत नखाएवढं काहीतरी चमकणारं.
सोनं नसणार.
असतं तर ह्यांनी सोडलं नसतं.

जत्रेला आले चार दिवस.
ह्यांचा अंगठा कुठल्याच फोनला कळत नाही,
रेशनच्या मशीनलाही नाही,
तेजाबानं रेघा पुसल्यात.
मीच मोबाईल उघडून हातात दिला.
सगळं सोनं ओलांडून बोट सरळ काळ्यावर.
"ही आपली पहिली," म्हणाले, "सेलमची.
हिच्यात एकदा…"
तेवढ्यात भाव उघडला
आणि हे वाचत बसले.

परवा रात्रीत कसलंसं अपडेट झालं.
सकाळी सगळं परत हिरवं निळं तांबडं,
आपापल्या रंगावर.
मूस तेवढी राहिली, का कुणास ठाऊक.
परत लावीन म्हणते सगळं.
आज पाणी आलं नाही अजून.