पाणसळ

राइवो गेला तेव्हा हत्यारांची पेटी घेऊन गेला.
हेलसिंकीची बोट सकाळची होती.
पेटी त्यानं एका हातानं उचलली, सवयीनं,
दुसऱ्या हातानं दार ओढून घेतलं
जे त्यानंच कधीतरी रंधून बसवलं होतं.
टेबल ठेवून गेला.
टेबल डुगडुगत होतं.

तार्तूत आमच्या भागाला सूपगाव म्हणतात,
रस्त्यांची नावं वाटाणा, घेवडा, बटाटा.
मी वाटाण्यावर राहते, लाकडी घरात, तळमजल्याला,
आणि तीन आठवडे
माझ्या टेबलावर रोज सूप सांडत होतं.

आधी पुठ्ठा. मग दुमडलेलं विजेचं बिल.
मग एका शनिवारी लाजच वाटली.
एकावन्न वर्षांची नर्स मी, रात्रपाळीत
मिणमिणत्या दिव्यात म्हाताऱ्यांच्या पळपुट्या शिरा सापडतात मला,
आणि चारांतला एक खोटा पाय सापडू नये?

करवत आणली.
दुकानातल्या मुलीनं विचारलं, कसलं लाकूड?
म्हटलं, टेबलाचं.
ती हसली नाही. याबद्दल मी तिची ऋणी आहे.

पहिला पाय बोटभर कापला.
टेबल दुसरीकडे झुकलं, कुणाच्या कानात सांगावं तसं.
तोही कापला. मग तिसरा रुसला.
दर वेळी उलटं करायचं, कापायचं, सुलटं करून ठेवायचं,
कुठे ठेवतेय ते कोण बघतंय.
करवतीला दाबायचं नसतं, हे दुसऱ्या पायाला कळलं;
तिच्या वजनानं जाऊ द्यायचं, हे चौथ्याला.
भुसा मोज्यांत, भुसा केसांत,
चहावर तर साय धरावी तसा.
रविवारी संध्याकाळी टेबल माझ्या गुडघ्याला लागलं
आणि डुगडुगत राहिलं.

वरच्या मजल्यावरचे हेइनो खाली आले,
करवतीच्या आवाजानं नाही, आवाज थांबला म्हणून.
वय चौऱ्याऐंशी. उमेद पियानोच्या कारखान्यात गेलेली.
टेबलाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.
खिशातून काचेची गोटी काढली, जमिनीवर ठेवली.
गोटी निघाली. चुलीखालून गेली,
राइवोच्या खुर्चीपाशी विचार बदलल्यासारखी वळली
आणि नदीकडच्या भिंतीला जाऊन टेकली.
मग त्यांनी पाणसळ लावली.
हिरव्या पाण्यातला बुडबुडा एका कडेला जाऊन बसला.
दोन हात सरकवली, तर दुसऱ्या कडेला.
"घर नदीला भेटायला निघालंय," हेइनो म्हणाले,
"माझ्या जन्माच्या आधीपासून. घाई नाही त्याला."

ज्याला नाचता येत नाही तो अंगणाला नावं ठेवतो, खरंय.
मी अंगणाला एक शब्द बोलले नव्हते.
सगळा दोष पायांना दिला,
टेबलाच्या चार, माझ्या दोन,
आणि त्याच्या, जे निघून गेले.
अंगणच वाकडं होतं.

पाचर मारणाऱ्याला लोक बरं म्हणत नाहीत.
मी तीन मारल्या.
पहिली जाड झाली. दुसरी बर्चच्या रेषेवर चिरली,
पटाशी अंगठ्यात गेली, टाके माझे मीच घातले.
तिसरी पायाखाली अशी सरकली
की टेबलानं श्वास सोडलेला मी ऐकला.
हेइनो म्हणाले, आता हलवू नकोस. याची जागा हीच.

मग खुर्च्यांचे पायही कमी केले,
या वेळी आधी जागा ठरवून, पेन्सिलीची रेघ मारून,
रेघ दोनदा मोजून.
हेइनो गुरुवारी सूप प्यायला येतात.
बसताना गुडघ्यांना शिव्या देतात, उठताना मला.

नोव्हेंबरात राइवोचा फोन आला.
हवापाणी झालं. भाडं किती, ते झालं.
मग म्हणाला, खोलीचं दार नीट लागत नाही,
थंडीनं फुगलंय वाटतं,
आणि पेटीतला रंधा कुठे गेला सापडत नाही.

मी विचारलं,
घासतंय कुठे,
खाली की बिजागरीच्या बाजूला?