बर्फाच्या खतावणीतली सरासरी

तांबळडेगला धावा लिहायला वेगळी वही नाही.
बर्फाच्या कारखान्याची जुनी खतावणी आहे,
तिच्यात 'माल' म्हणजे चेंडू, 'जमा' म्हणजे धावा,
आणि बाद झालेले गडी 'बुडीत'च्या रकान्यात.
लिहितात अच्युत कोयंडे, वय एकसष्ट,
चष्म्याची काडी गरीच्या तंगुसाने बांधलेली.

"पांडगो मोंडकर," ते एकदा म्हणाले,
"आपलो सगळ्यात मोठो फलंदाज."
आम्ही हसलो.
पांडगो अकरावा येतो, बॅट वल्ह्यासारखी धरतो.
सतरा सामने, धावा नऊ,
त्यातल्या चार लेगबायच्या,
पंच मेहुणा होता म्हणून बॅटच्या खात्यात पडलेल्या.

"नऊ. आणि बाद किती वेळा? बघा.
एकदाय नाय. दर खेपेक समोरचोच जाता.
नऊ भागिले शून्य. गुरुजी, सांगा आता."
धुरी गुरुजी सुरूच्या सावलीत ओले काजूगर सोलत होते,
बोटं चिकाने काळी.
"अनंत," ते नाइलाजाने म्हणाले. "म्हणजे, एका अर्थी."
तो एक अर्थ कोयंड्यांना पुरला.
"अनंत! आणि लोक पन्नास-साठाची सरासरी घेवन
जगभर मिरवतत!"

त्यानंतर त्यांना कोणी आवरू शकलं नाही.
आमच्याकडे चेंडू थेट पाण्यात पडला की बाद,
म्हणून समुद्राच्या नावावर त्रेसष्ट झेल.
"सुटलेलो एकय नाय. फक्त ओहोटीक जरा आळशी."
जित्या कुबल: सोमवारी सरासरी चार, बुधवारी एकतीस.
सोमवार शिवराक. बुधवारी ताटात दोन बांगडे.
"म्हणजे बांगड्यामागे साडेतेरा धावा. हिशोब साफ."
आणि चार बांगडे खाल्ले तर?
"मगे धावूक होणा नाय. तेचो तक्तो वेगळो."
शौकत सोलकरने आयुष्यात एकच षटक टाकलं,
नेमकी वीज गेली, तीन बळी.
तेव्हापासून जनरेटरच्या वर्गणीला
कोयंडे एक रुपया देत नाहीत.

मिठबावविरुद्धच्या फायनलला
पांडग्याला सलामीला पाठवला. आकड्यांपुढे कोणाचं चालतं?
तो गार्ड घ्यायला इतका वेळ वाकून राहिला
की पंचाने विचारलं, काय हरवलं काय.
पहिला चेंडू. मधली यष्टी
रापणीच्या दोरखंडापर्यंत गेली.

सगळे कोयंड्यांकडे वळले.
त्यांनी चष्मा काढला, लेंग्याला पुसला, परत घातला.
'बुडीत'मध्ये एक रेघ ओढली.
मग उठले आणि भर मैदानातून चालत
मिठबावच्या त्या चौदा वर्षांच्या पोरापाशी गेले,
त्याचा हात धरला.
"एका चेंडूत अनंताचे नऊ केलंस, बाबा.
ह्यापेक्षा मोठी विकेट कोणी काढूक नाय,
काढूचोय नाय."
पोर घाबरून म्हणालं, "सॉरी, काका."

आम्ही अर्थातच हरलो.
चटया, स्टंपा, पाण्याचं पिंप उचलताना
खतावणी माझ्या हातात आली.
खाऱ्या हवेने पानं फुगलेली.
मागे, फार मागे, बर्फाच्या लाद्यांच्या हिशोबाखाली
एक ओळ:
कोयंडे अ. सामने एक. चेंडू शून्य.
धावा शून्य. नाबाद.
सरासरीच्या चौकोनात पेन्सिलीचे आकडे,
बारा, चाळीस, एकदा चक्क शहाण्णव,
एकावर एक खोडलेले,
कागद तिथे पारदर्शक झालेला.

सोमवारी शाळेत जाऊन गुरुजींना विचारलं,
शून्य भागिले शून्य किती?
नावं सांगितली नव्हती तरी
ते खडू हातात धरून थोडा वेळ
खिडकीबाहेर बघत राहिले.
"त्याला उत्तर नसतं," म्हणाले.
"पण गंमत अशी,
कुठलाही आकडा धर.
ताळा जुळतो."